पाहुण्यांनी सांगितलेले बेट

कोणत्याही देशाची परकीय पाहुण्याला ओळख करून द्यायची तर यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे आधी ठरलेले असावे लागते. मॉरिशसच्या बाबतीत नेमके तेच ठरवणे कठीण आहे. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, उष्ण कटिबंधात असलेल्या या ज्वालामुखीजन्य बेटावर मूळची मानववस्ती नव्हती. आज तेथे राहणाऱ्या साडेबारा लाखांच्या आसपास लोकांचे पूर्वज कोणत्या ना कोणत्या जहाजातून येथे उतरलेले आहेत. कोणी जमिनीची सनद घेऊन आले, कोणी साखळदंडात आले, कोणी करारावर अंगठा उठवून आले, तर कोणी दुकान थाटण्यासाठी आले. सगळेच आलेले, पण सगळे सारखे आलेले नाहीत. मॉरिशसचा कोणताही परिचय वाचताना ही एक गोष्ट विसरता कामा नये, असे आम्हांस वाटते. आणि बहुतेक परिचयांत नेमकी तीच विसरली गेलेली आढळते.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपण लेखकाची निरीक्षणशक्ती, भाषाशैली, विनोद यांची चर्चा करतो. ज्या देशाचे वर्णन चालले आहे त्या देशातील माणसाला त्या वर्णनात बोलण्याची संधी मिळाली का, हा प्रश्न सहसा परीक्षेत येत नाही. मॉरिशसच्या परिचयांचा इतिहास हा या प्रश्नाचा एक उत्तम अभ्यासविषय ठरावा. चार शतके हे बेट मुख्यतः पाहुण्यांनी पाहुण्यांसाठी वर्णिले. तेथे राबणारा माणूस त्या वर्णनांत कधी देखावा म्हणून, कधी आकडा म्हणून येतो. निवेदक म्हणून तो फार उशिरा आला.

अरब दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होते. १५०२ च्या एका पोर्तुगीज नकाशावर त्याचे अरबी वळणाचे नाव आढळते. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिस याचे नाव त्यांनी बेटाला दिले. त्यांच्या वृत्तान्तांतील परिचय म्हणजे जहाजाच्या कोठारासाठी केलेली यादी होय. गोडे पाणी कोठे मिळते, लाकूड कोणते, कासवे किती, न उडणारा तो बोजड पक्षी कसा सहज हाती लागतो, ही त्यातील माहिती. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, जावाहून ऊस आणि हरणे आणली, मादागास्करहून गुलाम आणले. त्या गुलामांपैकी अनेकजण रानात पळून गेले. १७१० मध्ये डचांनी बेट सोडले तेव्हा डोडो नामशेष झाला होता, आबनूसची राने विरळ झाली होती. ऊस मात्र टिकला, आणि पुढील सारा इतिहास त्याच्या भोवती फिरला. नाहीसा झालेला डोडो आज देशाच्या राजचिन्हावर आणि पर्यटकांच्या टोप्यांवर आहे. रानात पळालेल्या त्या पहिल्या गुलामांचे चित्र कोठेच नाही.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन त्याला 'इल द फ्रान्स' असे नाव दिले. १७३५ पासून माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर उभारले. रस्ते, जलवाहिन्या, रुग्णालय, साखर कारखाना हे सारे त्याच्या नावावर जमा आहे. ते ज्यांनी बांधले ते मादागास्कर, मोझांबिक, पश्चिम आफ्रिका आणि काही प्रमाणात दक्षिण भारतातून आणलेले गुलाम होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील पाचांपैकी चार माणसे गुलाम होती.

याच काळात मॉरिशसला त्याचा पहिला मोठा साहित्यिक पाहुणा लाभला. बेर्नार्दँ द सँ-पिएर हा १७६८ ते १७७० या काळात अभियंता म्हणून तेथे होता. १७७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गुलामांच्या हालांवर एक पत्र आहे, आणि युरोपातील कॉफी-साखरेच्या सुखामागे काय दडले आहे हे तो त्यात स्पष्टपणे सांगतो. पण ते पुस्तक मागे पडले. जगाने वाचली ती त्याची १७८८ मधील 'पोल ए विर्जिनी' ही कादंबरी. निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन निष्पाप मुले, त्यांचे प्रेम, जहाज फुटून झालेला तिचा मृत्यू, असे तिचे कथानक. या कादंबरीत एक पळालेली गुलाम स्त्री मुलांच्या आश्रयाला येते. मुले तिला खाऊ घालतात आणि मालकाकडे परत नेऊन तिच्यासाठी क्षमा मागतात. मालक वचन देतो, आणि मुले निघून गेल्यावर तिला शिक्षा करतो. मुलांच्या करुणेने वाचकाचे डोळे पाणावतात. परंतु त्या करुणेनेच ती स्त्री पुन्हा मालकाच्या हाती गेली, याकडे लक्ष जात नाही. एकाच लेखकाने पंधरा वर्षांच्या अंतराने दिलेल्या या दोन परिचयांपैकी जगाने कोणता निवडला, हे बोलके आहे. पुढे पाम्प्लमूसच्या बागेत येणाऱ्या पाहुण्यांना या काल्पनिक प्रेमिकांच्या समाध्याही दाखवल्या जाऊ लागल्या. जे कधी जन्मलेच नाहीत त्यांच्या समाध्या झाल्या. गुलामांच्या थडग्यांना नाव नव्हते.

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, चालीरीती व धर्म अबाधित राखण्याचे वचन होते. रहिवासी म्हणजे अर्थातच मळेवाले. त्यामुळे कचेरीची भाषा हळूहळू इंग्रजी झाली, मळ्यांची व वृत्तपत्रांची फ्रेंच राहिली आणि गुलामांच्या वस्तीत जन्मलेली क्रिओल सर्वांच्या तोंडी राहिली. आजही पाहुण्याला चकित करणारी ही भाषास्थिती दोन साम्राज्यांमधील तडजोडीतून आणि तडजोडीत ज्यांना कोणी विचारले नाही अशांच्या बोलीतून घडली आहे.

१८३६ च्या एप्रिलअखेरीस 'बीगल' जहाज पोर्ट लुईला थांबले. तरुण चार्ल्स डार्विनला बेटाची निसर्गशोभा आवडली, आणि बेटावरील एकमेव हत्तीवर बसून त्याने फेरीही मारली. त्याच्या नोंदीत आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मजकूर आहे तो रस्त्यावर काम करणाऱ्या हिंदी कैद्यांविषयीचा. बंगाल व मुंबई इलाख्यांतून १८१५ पासून जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला धाडले जात होते; डार्विनने त्यांची संख्या सुमारे ८०० सांगितली आहे. हिंदी माणसे इतकी भारदस्त दिसत असतील अशी त्याची कल्पना नव्हती. तो त्यांच्या मुद्रांचे मनापासून कौतुक करतो. त्याने पाहिले हे खरे. पण त्यांच्यापैकी कोणा एकाचेही म्हणणे त्या पानांत नाही.

डार्विन तेथे पोहोचला तो क्षणही लक्षात घेण्याजोगा आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली होती. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे वीस लाख पौंड. मुक्त झालेल्यांना आणखी चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. ती संपताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले होते. ब्रिटिश सरकारने या व्यवस्थेला 'महान प्रयोग' म्हटले. गुलामांच्या जागी करारबद्ध माणूस ठेवून साखर स्वस्तात पिकते का, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. तो इतका यशस्वी ठरला की फिजी, त्रिनिदाद, गयाना, नाताळ येथे त्याची पुनरावृत्ती झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावरून आत आली. त्यांत बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतातील होती. मद्रास इलाख्यातील तमिळ-तेलुगू होती. आणि मुंबई बंदरातून गेलेली कोकणपट्टीतील मराठी कुटुंबेही होती.

या माणसांचाही एक 'परिचय' लिहिला गेला. तो नोंदवहीत आहे. प्रत्येकाला क्रमांक, मग नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरील खूण, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्र. कानाला आले तसे नाव इंग्रजी वा फ्रेंच वळणाने लिहिले गेले आणि बापाचे किंवा आज्याचे एकेरी नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर आज जतन केलेले आहे. आपल्या घराण्याचा शोध घेणारे मॉरिशियन तेथे येऊन ज्या कागदाकडे भावुकतेने पाहतात, तो कागद पूर्वजाला पळून जाता येऊ नये म्हणून तयार झालेला होता. १८६७ च्या मजूर कायद्याने जुन्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. तो नसला तर भटक्या म्हणून अटक होई.

याच परवान्याच्या जाचातून, आमच्या मते, मॉरिशसचा पहिला आतून आलेला परिचय जन्मला. १८७१ मध्ये करार संपलेल्या ९,००० हून अधिक मजुरांनी गव्हर्नरला एक अर्ज सादर केला. तो लिहिण्यास आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने मदत केली. त्याबद्दल इतर मळेवाल्यांचा रोष आणि भर रस्त्यात मारहाण त्याच्या वाट्याला आली. अर्जात समुद्रकिनारे नाहीत, डोंगर नाहीत. रस्त्याने चालताना कोठे अडवतात, मजुरी कशी कापतात, तक्रार करायला गेले तर काय होते, हे आहे. १८७२ मध्ये शाही आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि बऱ्याच तक्रारी खऱ्या ठरल्या. साहित्याच्या इतिहासात अर्जाला स्थान नसते. परंतु ज्यांना लेखणी दिलेली नव्हती त्यांचे गद्य शोधायचे तर अर्ज, जबान्या आणि गाणी याच ठिकाणी शोधावे लागते.

१८९६ च्या एप्रिलमध्ये मार्क ट्वेन मॉरिशसला आले. स्वर्ग हा या बेटाची नक्कल आहे अशा अर्थाचे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य पर्यटन-पुस्तिकांत हमखास आढळते. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रवासवर्णन उघडून पाहिले तर ते मत ट्वेन एका रहिवाशाच्या तोंडी घालतात. लगेच दुसरा रहिवासी ही अतिशयोक्ती असल्याचे सांगतो आणि पोर्ट लुईमध्ये नाइलाजानेच माणसे राहतात अशी पुस्तीही जोडतो. म्हणजे मूळ मजकूर स्थानिक अभिमानाची थट्टा करणारा. उद्धृत झाला तो प्रशस्तिपत्र म्हणून. संदर्भ तोडून वाक्य उचलणे किती दूरवर पोहोचते, याचे विद्यार्थ्यांना देण्याजोगे हे उदाहरण आहे.

पाच वर्षांनी आणखी एक पाहुणा आला. दक्षिण आफ्रिकेतून परतताना ऑक्टोबर-नोव्हेंबर १९०१ मध्ये गांधीजी सुमारे तीन आठवडे मॉरिशसला होते. त्यांनी बेटाचे वर्णन करण्यापेक्षा तेथील हिंदी लोकांना शिक्षण व राजकारण यांकडे लक्ष देण्यास सांगितले, आणि १९०७ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे जाऊन मजुरांचे खटले लढवू लागले. पाहुणा असण्याची ही निराळी रीत होती.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. आज 'इंद्रधनुषी राष्ट्र' म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. पण १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधातील पक्षाला पडली होती, आणि जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल व मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगली होऊन ब्रिटिश सैन्य बोलावावे लागले होते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी बेटाचे भवितव्य निराशाजनक ठरवले होते. व्ही. एस. नायपॉल यांचा १९७२ चा निबंध तर या देशाला माणसे कोंबलेली गुलामांची कोठडी म्हणूनच पाहतो. त्रिनिदादला गेलेल्या करारबद्ध मजुरांचा हा नातू. तरी त्याच्याही लेखनात मॉरिशियन माणूस प्रामुख्याने हताश गर्दी म्हणून येतो. पुढील दोन दशकांत साखर, कापडउद्योग आणि पर्यटन यांच्या बळावर देशाने हे भाकीत खोटे पाडले.

त्यानंतर जो परिचय रूढ झाला तो आपल्या ओळखीचा आहे. मंदिर, मशीद, चर्च आणि पॅगोडा एकाच रस्त्यावर. ढोलपुरी आणि नूडल्स एकाच गाडीवर. दिवाळी, ईद, नाताळ व चिनी नववर्ष यांच्या सुट्ट्या. यातील काहीच खोटे नाही. पण या मांडणीत संस्कृती ताटातील पदार्थांसारख्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. कोणता पदार्थ कोणत्या क्रमाने, कोणाच्या जोरावर आला, हे विचारायचे नसते. राज्यघटनेने संसदेतील समतोलासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'सामान्य जनता' असे चार समुदाय मानले. चौथ्या खान्यात पूर्वीचे फ्रेंच मळेवाले आणि त्यांच्याच गुलामांचे वंशज एकत्र आले. १९७२ नंतरच्या जनगणनांत समुदायाची नोंद थांबली. त्यामुळे समतोल राखण्यासाठी त्या जुन्या आकड्यांचाच आधार घेतला गेला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली उसळल्या. इंद्रधनुष्यात आपला रंग दिसत नाही, असे म्हणणारा मोठा समाज देशात आहे, हे त्या दिवसांत उघड झाले.

या साऱ्यात भाषेचा प्रश्न आम्हांस कळीचा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८४ टक्के लोक घरी क्रिओल बोलत होते. १९६८ च्या घटनेने मात्र संसदेची भाषा इंग्रजी ठरवली आणि सदस्यांना फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा दिली. क्रिओलचे नाव तेथे नव्हते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मंदारिन या भाषा प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून आधीपासून शिकवल्या जात होत्या. क्रिओलला त्यांच्या पंक्तीत बसायला २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या घरातील भाषा ही शाळेत शेवटी आली. देव वीरासामी यांनी १९७० च्या दशकापासून क्रिओलमध्ये नाटके लिहून ती भाषा साहित्यास समर्थ असल्याचे दाखवले. स्वतः करारबद्ध मजुरांच्या समाजातून आलेल्या या लेखकाने गुलामांची भाषा आपली म्हणून निवडली, हे मुद्दाम नोंदवायला हवे. दुसऱ्या बाजूने अभिमन्यु अनत यांनी 'लाल पसीना' या १९७७ च्या हिंदी कादंबरीत ऊसमळ्यातील आयुष्य आतून सांगितले.

आता आपल्याविषयी. मराठी वाचक मॉरिशसकडे वळतो तो बहुधा अभिमानाने. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातील जाखडी तेथे आजही नाचली जाते, मराठी शाळेत शिकवली जाते, हे वाचून आपल्याला भरून येते. तसे येणे स्वाभाविक आहे. इतक्या दूर, इतक्या हालांत माणसांनी ही परंपरा सांभाळली. परंतु आपली माणसे, आपली संस्कृती असे म्हणत आपण जो परिचय लिहितो तोही एका परीने पाहुण्याचाच परिचय असतो. त्या माणसांनी आपल्यासाठी काय जपले हे आपण मोजतो. त्यांनी तेथे नवे काय घडवले हे पाहत नाही. मॉरिशियन मराठी घरातील आजी नातवाला रागावते ती बहुधा क्रिओलमध्ये. ती भाषा मोझांबिक आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या माणसांनी मालकाच्या फ्रेंचमधून घडवली. कोकणातून गेलेल्या कुटुंबाच्या जिभेवर आज आफ्रिकी गुलामांचा वारसा आहे. याला आपण 'मराठी विसरले' एवढेच म्हणणार असू, तर आपणही ती नोंदवही घेऊनच बसलो आहोत, नाव, जात आणि गाव एवढेच विचारणारी.

या दृष्टीने मॉरिशसमधील दोन जागा पाहुण्याने सर्वप्रथम पाहाव्यात असे आम्ही सुचवू. पहिली, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. १८४९ मध्ये येथे मजुरांचा डेपो सुरू झाला. त्याच्या १६ दगडी पायऱ्या चढून माणसे बेटात शिरत. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ मानले. दुसरी, नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न हा डोंगर. तेथे पळालेले गुलाम आश्रय घेत. लोकपरंपरा सांगते की मुक्तीची बातमी द्यायला आलेल्या पोलिसांना पाहून, आपल्याला धरायला आले असे समजून, तेथील माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ मध्ये या डोंगरालाही तोच दर्जा मिळाला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, गुलामगिरीच्या अंताचा आणि करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा, हे दोन्ही दिवस देशात सुट्टीचे आहेत. पण घाट भारतीय वंशाचा आणि डोंगर आफ्रिकी वंशाचा अशी वाटणी अनेकांच्या मनात अजून आहे. वास्तविक एका व्यवस्थेचीच ही दोन टोके आहेत. डोंगरावरच्या माणसांना मळ्यातून सोडावे लागले म्हणून घाटावर माणसे उतरवली गेली.

मॉरिशस साहित्याच्या वर्गात आणायचे झाल्यास बेर्नार्दँची कादंबरी जरूर आणावी. तिच्या शेजारी त्याचे ते विस्मृत पत्र ठेवावे, १८७१ चा अर्ज ठेवावा, अनत आणि वीरासामी ठेवावेत. मग त्या कादंबरीतील पळालेल्या स्त्रीपाशी थांबून विद्यार्थ्यांना विचारावे, की हे बेट तिने आपल्याला दाखवले असते तर तिने सुरुवात कोठून केली असती. तिचे नाव कादंबरीकाराने दिलेले नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे.